हवा पेटल्याची खूण

तंजावूरच्या बाहेर एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संशोधन सहायक म्हणून लागले, तेव्हा देशात सगळं बदलू लागलंय असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती. आमच्या गल्लीपुरता बदल एवढाच झाला होता, की राजवाड्याच्या मागच्या अंगाला एक एसटीडी बूथ उघडला आणि माझ्याबरोबर एम.एस्सी. झालेल्या मुली भौतिकशास्त्र गुंडाळून ठेवून कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागल्या. त्यांच्या मागोमाग मीही गेले असते. पण कॉलेजात एका सरांना सरकारी संस्थेचा एक प्रकल्प मिळालाय आणि त्यांना मदतनीस हवा आहे, असं वडिलांच्या कानावर आलं, आणि ते म्हणाले, विचारून तरी बघ.

मुलाखत इंग्रजीत झाली. शेवटी सरांनी माझ्या अर्जावरचं आडनाव परत एकदा वाचलं आणि मराठीत विचारलं, "कोण्या घरची तू?" दारात उभा असलेला शिपाई चमकून बघायला लागला. सर आमच्यातलेच होते, दोन गल्ल्या पलीकडचे. त्या दिवसापासून चारचौघांत आम्ही तमिळ किंवा इंग्रजी बोलायचो आणि खोलीत दोघंच असलो की मराठी. आमची मराठी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इथं आलेल्या लोकांची, तमिळच्या चालीवर बोलली जाणारी. ती लिहिता मला येत नव्हती, सरांनाही येत नव्हती. देवनागरी मी शिकले ती पुढे पुण्याला.

सर पन्नाशीचे, शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टातले. त्यांना साखरेचा आजार होता आणि ते त्याविषयी बोलत नसत. कॉफी मात्र बिनसाखरेची मागवत.

काम काय होतं ते सांगायला हवं. रॉकेट, किंवा असं कुठलंही भयंकर वेगानं जाणारं यान, जमिनीशी बोलतं ते त्याच्या अंगावरच्या अँटेनामधून. अँटेना सूक्ष्मलहरी बाहेर फेकतो. जमिनीलगत हवा दाट असते, तिथं काही होत नाही. फार उंचावर हवाच नसते, तिथंही काही होत नाही. पण मधे एक पट्टा असा येतो, की हवा विरळ असते पण संपलेली नसते. तिथं अँटेनाच्या लहरींच्या जोरानंच त्याच्याभोवतीची हवा फुटते. हवेतले सुटे विद्युत्कण मोकळे धावायला लागतात, आणखी कण सुटे करतात, आणि क्षणात अँटेनाच्या टोकाला जांभळट उजेडाची टोपी बसते. मग संदेश त्या टोपीतून बाहेर पडत नाही. यान वेगात असेल तर त्याच्यापुढची हवा आधीच तापलेली असते, म्हणून आणखीच कमी जोर पुरतो. जो अँटेना जमिनीवर उत्तम चालला, तो नेमका त्या पट्ट्यात मुका होतो. किती विरळ हवेत, किती जोराला ती फुटते, हे मोजून द्यायचं, असा आमचा प्रकल्प होता. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव होतं. सर मराठीत नुसतं म्हणायचे, "हवा पेटते."

कॉलेजच्या मागच्या बाजूला, नारळाच्या बागेला लागून एक खोली होती. मधोमध काचेची मोठी घंटा, तिच्याखाली बोटाएवढा अँटेना, घंटेतली हवा ओढून घेणारा पंप, आणि कोपऱ्यात सूक्ष्मलहरी तयार करणारं यंत्र. घंटेभोवती तांब्याची जाळी होती, लहरी बाहेर येऊ नयेत म्हणून. जाळीबाहेर काही झिरपतंय का, हे सर अधूनमधून मीटर घेऊन स्वतः तपासत. जाळीसमोर एक स्टूल. त्यावर सर बसत, आणि अंधार करून घंटेकडे बघत एका हातानं जोर वाढवण्याचं चाक हळूहळू फिरवत. मी यंत्राच्या पलीकडे, दाबाच्या काट्यापाशी. माझ्या जागेवरून घंटा दिसत नसे. उजेड दिसला की सर म्हणत, "आलं." त्या क्षणी दाब किती आणि जोर किती, ते मी टिपून घेई. परत येणारा जोर दाखवणारा एक मीटर होता, पण तो जुना आणि आळशी होता. सरांचा भरवसा डोळ्यावर होता.

असं वर्षभर चाललं. आकडे फार सुरेख येत होते. कागदावर मांडले की ठिपके गणितानं काढलेल्या रेषेवर जवळजवळ बसायचे. मला वाटायचं, माणसाचा हात असा स्थिर असावा.

एका संध्याकाळी सरांची बायको आमच्या घरी आली. मी त्यांना मामी म्हणायची. त्या ओरत्तनाडूच्या शाळेत शिकवायच्या, रोज बसनं जाऊन येऊन. शाळेतून परत येताना उतरल्या त्या थेट आमच्याकडेच आल्या होत्या, हातात पिशवी तशीच होती. घराबाहेरच्या ओट्यावर, ज्याला आम्ही तिण्णै म्हणतो, तिथं बसल्या. आईनं आत बोलावलं तर म्हणाल्या, "नको, हिच्याशी थोडं बोलायचंय." आई कॉफी करायला आत गेली.

"तुझ्या सरांस दिसत नाही, तुज ठाऊक आहे?"

"चष्म्याचा नंबर वाढला म्हणत होते."

"नंबर नव्हे गं. काल पानातल्या दह्याच्या पच्चडीत लोणचं समजून बोट घातलं. गेल्या आठवड्यात मोपेड कालव्याच्या कठड्यावर घातली, गुडघा फुटला. मज सांगितलं, कुत्रं आडवं आलं. डोळ्यापुढं धूर आहे म्हणतात. केव्हापासून विचारलं तर बोलत नाहीत."

मी विचारलं, "डॉक्टर?"

"जात नाहीत. माझं कोण ऐकतं. त्या खोलीतल्या माणसानं सांगितलं तर ऐकतील." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्या खोलीनंच केलं हे. मी कधीपासून म्हणू लागलेय, त्या लहरीपुढं डोळे घेऊन बसू नका."

कॉफी आली. ती न पिताच त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू करायच्या आधी मी सरांना सरळ विचारलं. विचारताना मी जमिनीकडे बघत होते.

"कोण सांगितलं?"

"मामी."

ते स्टुलावर बसले. बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत राहिले. "उजव्यानं काहीच नाही आता," ते म्हणाले. "डाव्यानं समोर कोणीतरी उभं आहे एवढं दिसतं. तू आहेस हे आवाजावरून."

"मग 'आलं' म्हणायचात ते, सर?"

"कधी दिसायचं," ते म्हणाले.

डॉक्टरकडे जाण्याचं त्यांनी ऐकून घेतलं. मग समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "डॉक्टर पहिला प्रश्न विचारील, काम काय करता. मी सूक्ष्मलहरी म्हणालों की तो तेच लिहील. तो कागद कॉलेजात आला की ही खोली बंद. माझी साखर कोणी बघणार नाही. संस्थेचे लोक प्रकल्प बघायला येणार आहेत. ते येऊन जाऊ देत. मग तू सांगशील त्या डॉक्टरकडे येतों."

मी म्हटलं, मग आजपासून स्टुलावर मी बसेन. ते लगेच उठले. एवढ्या पटकन उठतील असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा हवा पेटताना नीट बघितली. आधी काहीच नसतं, काळोखात अँटेनाचं टोक असल्याचा नुसता अंदाज असतो. मग टोकाला एक फिकट ठिणगी येते, ठिणगी म्हणावी तर ती हलत नाही, आणि मग एकदम सगळं टोक गुलाबी-जांभळं होऊन फुगतं. मी "आलं" म्हणायची आणि सर पलीकडून काट्यावर बोट ठेवून मला बोलवायचे, कारण तो त्यांना वाचता येत नव्हता. मग दोन्हीकडे मीच जायला लागले. काम अर्ध्या वेगानं होऊ लागलं.

माझे आकडे विस्कटलेले यायचे. एक दिवस वर, एक दिवस खाली. मी ओशाळून म्हणायची, माझं काहीतरी चुकतंय. सर म्हणायचे, "तुझे खरे आहेत. हवा अशीच पेटते."

संस्थेचे दोन अधिकारी येण्याचा दिवस ठरला. मी धरून चालले होते, की त्यांना घंटा मीच दाखवेन. सर नाही म्हणाले.

"आंधळ्याच्या हातात यंत्र कोण ठेवील? मीच दाखवीन. चाक माझ्या हाताचं आहे. तू फक्त मज खूण कर."

मग आम्ही खूण ठरवली. मी जाळीच्या बाजूला, टेबलापाशी उभं राहायचं. उजेड आला की हातातली पोलादी पट्टी टेबलावर टेकवायची. पंपाच्या धडधडीतही तिचा टिंग असा आवाज यायचा. तो आला की सर बोलायला सुरुवात करणार. आम्ही सराव केला. सराव चांगला झाला, इतका की बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं. मला ते आवडत नव्हतं, पण त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

ते दोघे सकाळी आले. एक वयस्क, कमी बोलणारे, दुसरे तरुण आणि उत्साही. दोघेही इंग्रजीत बोलत होते. सर दारापर्यंत सामोरे गेले, खोलीतली प्रत्येक वस्तू त्यांना हातानं ठाऊक होती, कुठं धडकले नाहीत. अर्धा तास फळ्यापुढं उभं राहून बोलले. खडूनं काढलेल्या रेषा सरळ आल्या. मला धीर आला.

त्या दिवशी घंटेखालच्या रबरी कड्यातून हवा शिरत होती. पंप ओढत होता पण काटा नेहमीसारखा खाली येत नव्हता. मी सरांना तमिळमध्ये हळूच सांगितलं, थोडं थांबू या. ते म्हणाले, थांबू. शिपायानं मधेच पाहुण्यांना ताक आणून दिलं, स्टीलच्या भांड्यांत. तरुण अधिकारी घड्याळ बघायला लागला. सरांना ते दिसलं नसणार, पण शांतता ऐकू आली असावी. त्यांनी मला दिवा घालवायला सांगितला आणि चाक फिरवायला सुरुवात केली.

खोलीत अंधार. पंपाचा आवाज. मी घंटेकडे बघत होते, पट्टी हातात धरून. घंटा काळीच होती. दाब अजून जास्त होता, एवढ्यात पेटणार नाही हे मला ठाऊक होतं.

वयस्क अधिकाऱ्यांनी ताक संपवलं आणि रिकामं भांडं टेबलावर ठेवलं. टिंग.

सर बोलू लागले. "आता टोकाकडे बघा," ते इंग्रजीत म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा भरलेला होता. "आधी फिकट जांभळा ठिपका. आता तो पसरतोय. बघा, टोपीसारखा. या क्षणापासून हा अँटेना जमिनीशी बोलत नाही. त्याला वाटतं तो बोलतोय, पण त्याचा जोर सगळा या टोपीतच जिरतो किंवा परत फिरतो."

तरुण अधिकारी वाकून जाळीतून बघायला लागला. मग मान वळवून वयस्कांकडे बघितलं. सर पुढं बोलतच होते, रंग कडेला कसा गडद होतो ते सांगत होते.

मी मराठीत म्हणाले, अगदी खालच्या आवाजात, "सर, पेटली नाही अजून. ते भांडं होतं."

त्यांचं वाक्य तिथंच थांबलं. हात चाकावरच राहिला.

तेव्हा ते वयस्क अधिकारी बोलले. मराठीत, स्वच्छ, पुण्याकडच्या मराठीत. "खोलीत अंधार फार आहे. मलाही नीट दिसत नाहीये."

चारचौघांत कधी न बोललेली मराठी मी वापरली होती, ती इतर कुणाला कळू नये म्हणूनच. खोलीत तिसऱ्या कुणाला ती भाषा येत असेल, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

सर आवाजाच्या दिशेला वळले. "तुम्हास मराठी येतं."

"हो. पुण्याचा आहे मी."

सरांनी चाक उलटं फिरवून शून्यावर आणलं, यंत्र बंद केलं आणि मला दिवा लावायला सांगितलं. मी लावला. ते चाचपत स्टुलावर बसले.

"मग मराठीतच सांगतों," ते म्हणाले. "गेल्या वर्षाचे जे आकडे तुमच्याकडं पाठवलेत ते घेऊ नका. ही मुलगी स्टुलावर बसायला लागली तेव्हापासूनचे तेवढे घ्या. ते थोडे आहेत."

"सर, आकडे आम्ही तपासलेत. गणिताशी उत्तम जुळतात."

"जुळतात, कारण गणित मज पाठ आहे."

ते अधिकारी म्हणाले, "सगळे टाकून कशाला द्यायचे? सुरुवातीचे तुम्ही बघूनच घेतले असतील. कुठपर्यंतचे धरायचे तेवढं सांगा."

"तेच मज सांगता येत नाही," सर म्हणाले. "एके दिवशी दिसेनासं झालं असं नाही ना होत. आधी दिसायचं. मग दिसल्यासारखं व्हायचं. मग इथं पेटायला हवी हे ठाऊक असायचं, आणि ठाऊक असलं की दिसायचंही. त्यातलं कुठलं कुठं संपलं, मी रात्रंदिवस तेच आठवू लागलोंय. नाही सापडत. म्हणून सगळे टाका. कोणीतरी त्या आकड्यांवर विसंबून यान वर पाठवील, आणि ते मधेच मुकं होईल. मग त्यास शोधायचं कुठं?"

तरुण अधिकाऱ्याला यातलं अक्षर कळत नव्हतं. तो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. वयस्क अधिकाऱ्यांनी त्याला इंग्रजीत एवढंच सांगितलं, की घंटेला गळती आहे, आजचा प्रयोग रद्द.

मामींनी पाहुण्यांसाठी पहाटे उठून स्वयंपाक करून डबे पाठवले होते. पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात, दहीभात, तळलेले वडे. पाहुणे गाडीची वेळ झाली म्हणून जेवायला थांबले नाहीत. जाताना ते वयस्क गृहस्थ व्हरांड्यात माझ्यापाशी थबकले. "त्यांना आधी डॉक्टरकडे न्या," म्हणाले. "प्रकल्पाचं मी बघतो." त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की प्रकल्पाचं बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

मी आत आले तर सर तसेच बसले होते. "तू जेव," म्हणाले. मी एकटीच त्या टेबलाशी बसून जेवले, कारण डबे तसेच परत गेले असते तर मामींना काय सांगायचं ते मला कळत नव्हतं. सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

ठरल्याप्रमाणे ते डॉक्टरकडे आले. तिरुच्चीला गेलो, बसनं, मामी, सर आणि मी. डॉक्टरांनी तपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं आणि डाव्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरलं. पट्टी काढायच्या दिवशीही आम्ही तिघंच होतो. पट्टी निघाली. सरांनी डोळा उघडला, इकडेतिकडे फिरवला. मामी त्यांच्या अगदी समोर उभ्या होत्या.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं.

"उजेड," सर म्हणाले. "आधीपेक्षा जास्त उजेड."

"समोर कोण आहे?"

मामींनी तोंड उघडलं होतं, पण डॉक्टरांनी त्यांना हातानं गप्प राहायला सांगितलं.

"माझी बायको असणार," सर म्हणाले.

डॉक्टरांनी मग भिंगातून बराच वेळ डोळ्याच्या आत बघितलं. मोतीबिंदू निघाला होता, त्यात काही राहिलं नव्हतं. पण त्याच्यामागचा पडदाच गेला होता. आत वेळोवेळी रक्त उतरून सुकलं होतं. हा साखरेचा परिणाम, ते म्हणाले, आणि मोतीबिंदू एवढा दाट होता की तो काढेपर्यंत मागचं दिसलंच नाही. लवकर आला असतात तर पडदा बराचसा वाचवता आला असता.

सरांनी विचारलं, "मी सूक्ष्मलहरींवर काम करतो. त्यानं झालं असेल?"

"मोतीबिंदू कशानं झाला ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "वयानं होतो, साखरेनं होतो, त्यानंही होत असेल. पण दृष्टी गेली ती पडद्यामुळे. पडदा साखरेनं गेला."

बसनं परत निघालो. दोन्हीकडे भाताची खाचरं होती, लावणी चालली होती. तंजावूरला उतरून रिक्षाची वाट बघताना मामी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे खोलीनं नव्हे." इतके दिवस त्या खोलीला दोष देत आल्या होत्या. त्यांच्या घरात साखरेचा डबासुद्धा कुलपात असायचा, सरांच्या पानात भात त्या वाटीनं मोजून वाढायच्या. त्यांनी सरांचा दंड धरला होता, तो सोडला, आणि परत धरला.

प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. संस्थेनं कळवलं, की असे अँटेना आता परदेशातून तयार विकत घेता येण्याची शक्यता आहे आणि पुढची मोजमापं इथं करण्याची गरज उरलेली नाही. टाकून दिलेल्या आकड्यांचा त्यात उल्लेख नव्हता. त्या वयस्क गृहस्थांनी तो टाळला असणार. सरांना कॉलेजनं काही महिने फळ्याशिवाय शिकवू दिलं. मुलं मागच्या दारानं निघून जायची आणि सर रिकाम्या बाकांपुढं बोलत राहायचे. एकदा मी व्हरांड्यातून जाताना ते बघितलं आणि आत जाऊन पहिल्या बाकावर बसले. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती होते आज?" मी म्हटलं, "कमी होते." त्या महिन्यातच त्यांनी राजीनामा दिला. घंटा आणि पंप व्हरांड्यात काढून ठेवले गेले आणि खोलीत कॉम्प्युटर आले. जमिनीवर जाजम, खिडक्यांना पडदे, चपला बाहेर काढायच्या अशी पाटी.

सरांच्या हाताखाली सुरू केलेली माझी पीएच.डी. त्या खोलीबरोबरच थांबली. पुढच्या वर्षी पुण्याच्या त्या गृहस्थांचा निरोप आला, त्यांच्याकडे अँटेना तपासायच्या विभागात एक जागा आहे, अर्ज करावा. मी सरांना सांगायला गेले. ते तिण्णैवर बसले होते, मांडीवर रेडिओ होता, पण बंद.

"जा," ते म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल?"

"वाटेल. तरी जा. इथं राहून मज काय, पेपर वाचून दाखवशील?"

मामी आतून म्हणाल्या, "तो मी दाखवते."

पुण्यात माझ्या मराठीला लोक हसायचे. "मी येऊ लागलेय" म्हटलं की विचारायचे, लागलीस की आलीस? मी दुकानांच्या पाट्या वाचत देवनागरी शिकले. काम तेच होतं, फक्त यंत्रं नवी. हवा पेटली की आता कुणी बघायचं नाही, मीटर सांगायचा. जुन्या आकड्यांपैकी माझे होते ते कुणीतरी परत मोजले. बरेचसे टिकले.

दोन वर्षांनी सुट्टीत गेले, तेव्हा सर अंथरुणावर होते. साखर मूत्रपिंडांत उतरली होती. हात-तोंड सुजलेलं, आवाज मात्र तसाच. मी सांगितलं, आकडे परत तपासले, ठीक निघाले. ते खूश झाले. मग म्हणाले, "आणि माझे?"

"रद्द केलेले कोणी तपासत नाही, सर."

"सरि, बरं," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी मामींना विचारलं, आज रसम कशाचं आहे.

ते गेल्याचं मला शेजारच्या घरच्या फोनवर कळलं, तेही उशिरा. मी पोचले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. दाराला कुलूप होतं. समोरच्या बाई म्हणाल्या, मामी शाळेत गेल्या, आजपासूनच. मी तिण्णैवर बसून राहिले. संध्याकाळी त्या पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. कपाळ मोकळं होतं. माझ्यापाशी येऊन कुलूप काढत म्हणाल्या, "घरात बसून काय करू? मुलांच्या परीक्षा आहेत." मग दार ढकलत विचारलं, "जेवलीस?"

मी नाही म्हणाले. त्या आत गेल्या आणि भात टाकला.